आईच्या डोळ्यातली जखम खरवडू द्यायची का?

प्रश्न : आम्ही पिंपळगाव बसवंतजवळच्या गावातले. मी अंबडला कंपनीत कामाला आहे. पंधरा दिवसांपूर्वी द्राक्षबागेत छाटणीनंतर तारेत अडकलेल्या काड्या ओढून काढताना एक काडी आईच्या (वय ५२) डाव्या डोळ्याला लागली. गावातल्या मेडिकलमधून ड्रॉप आणले. दोन-तीन दिवस लाली कमी झाली. मग बुबुळावर पांढरा ठिपका दिसायला लागला, आता तो वाढलाय आणि तिला उजेड सहन होत नाही. नाशिकच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी 'बुरशीचं इन्फेक्शन वाटतंय, जखम खरवडून तपासायला हवी' असं सांगितलं. मामा म्हणतात, खरवडलं की डोळा जातो, सरळ मुंबईला न्या. मावशीला ही काळी बुरशी वाटते. शेजारच्यांनी मध घालायला सांगितलाय. आईला शुगर आहे. खरवडू द्यावं का? नजर परत येईल का? घरात कुणाला होईल का? ती कामावर कधी जाऊ शकेल? — एक मुलगा, निफाड तालुका

उत्तर : भाऊ, आधी उत्तर देते, कारणं मागून. हो, खरवडू द्या, आणि उद्या सकाळीच जा. मामांना समजावायला आणखी दोन दिवस घालवू नका. या आजारात दोन दिवस म्हणजे फार मोठा काळ असतो.

त्याहून आधीचं एक काम आज रात्रीच करायचं आहे. मेडिकलमधून आणलेली ड्रॉपची बाटली हातात घ्या आणि त्यावरची बारीक अक्षरं वाचा. डेक्सामेथासोन, बीटामेथासोन, प्रेडनिसोलोन, लोटेप्रेडनॉल किंवा डायफ्लुप्रेडनेट यांपैकी एखादं नाव दिसलं तर ते स्टिरॉइड आहे. बहुतेक वेळा ते एखाद्या अँटिबायोटिकबरोबर एकाच बाटलीत असतं, त्यामुळे देणाऱ्यालाही 'इन्फेक्शनचे ड्रॉप दिले' असंच वाटतं. पुढचा थेंब टाकण्याआधी डॉक्टरांना फोन करून ते नाव वाचून दाखवा. तुम्ही लिहिलंय ते चित्र, म्हणजे दोन-तीन दिवस लाली उतरली आणि मग पांढरा ठिपका आला, आम्हा डोळ्यांच्या डॉक्टरांच्या फार ओळखीचं आहे. स्टिरॉइडने सूज आणि लाली दबते, माणसाला बरं वाटतं. पण बुरशीशी लढणारी शरीराची ताकदही त्याच वेळी दबते आणि बुरशीला आत शिरायला रान मोकळं मिळतं. तुमच्या आईंच्या बाबतीत हेच झालं असेल असं मी पत्रावरून ठामपणे म्हणणार नाही, पण बाटली डॉक्टरांना दाखवल्याशिवाय राहू नका.

आता खरवडण्याबद्दल. शब्द ऐकूनच पोटात गोळा येतो, हे मला कळतं. म्हणून तिथे नेमकं काय होतं ते सांगते. आईंना स्लिट लॅम्पसमोर, म्हणजे डोळा मोठा करून बघायच्या यंत्रासमोर, बसवतील, हनुवटी टेकवायला आधार असतो. डोळ्यात बधिर करणारे थेंब घालतात, ते काही सेकंद झोंबतात आणि मग डोळ्याला दुखणं कळत नाही. पापणी उघडी राहावी म्हणून एक छोटी तारेची चाप लावतात. डॉक्टर यंत्रातून जखम मोठी करून बघत बघत, बारीक पात्याने किंवा चपट्या सळईने जखमेच्या कडेचा आणि तळाचा सुटा झालेला थर अलगद उचलतात. पात्यावर येतो तो मोहरीच्या दाण्याहूनही कमी माल. तो काचपट्टीवर पसरतात, आणि थोडा जंतू उगवायच्या वेगवेगळ्या प्लेट्सवर इंग्रजी सी अक्षरासारख्या रेघा ओढून लावतात. सगळं काही मिनिटांत आटोपतं. सुया, टाके, भूल यांतलं काही नाही. नंतर तास-दोन तास डोळा चुरचुरतो.

यात डोळा जात नाही. उलट फायदाच होतो, कारण वरचा मेलेला थर निघाल्यामुळे औषध खाली पोहोचतं. बुरशीवरचं मुख्य औषध आत शिरण्याच्या बाबतीत मुळात जरा कच्चं आहे, म्हणून काही डॉक्टर उपचार चालू असतानाही पुन्हा खरवडतात. तसं झालं तर घाबरून जाऊ नका. मामांनी पाहिलेले जे डोळे गेले असतील, ते जखमेमुळे आणि उशिरामुळे गेले असतील. खरवडणं त्या उशिराच्या शेवटी आलं, म्हणून दोष त्याच्या माथी बसला.

काचपट्टीवरच्या नमुन्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकतात. त्याने बाकीच्या पेशी विरघळल्यासारख्या होतात आणि बुरशीचे धागे तेवढे उरतात. सूक्ष्मदर्शकाखाली फांद्या फुटलेले, मध्ये मध्ये आडवे पडदे असलेले धागे दिसले की उपचार त्याच दिवशी सुरू करता येतो. प्लेटवर बुरशी उगवायला मात्र दोन-तीन दिवसांपासून आठवडा, कधी दोन आठवडेही लागतात. उगवल्यावर तिचा प्रकार कळतो. फ्युजेरियम पांढऱ्या कापसासारखी फुलते, ॲस्परजिलस फ्लेव्हस पिवळट-हिरवी. आपल्याकडे शेतातल्या जखमांमध्ये हे दोन्ही गट वरचेवर सापडतात. दोन्ही मातीत, पालापाचोळ्यात, वाळक्या काडीवर असतातच. रोज अंगावर उडतात आणि काही होत नाही, कारण डोळ्याचा वरचा पारदर्शक पडदा, म्हणजे कॉर्निया, शाबूत असतो. काडीने त्यावर ओरखडा काढला की त्यांना वाट मिळते. ही गोष्ट काही आजची नाही. कॉर्नियाच्या बुरशीची पहिली नोंद १८७९ साली जर्मन नेत्रतज्ज्ञ थिओडोर लेबर यांनी केली, तो रुग्णही शेतकरीच होता. मळणी करताना ओट धान्याचं फोलपट त्याच्या डोळ्यात गेलं होतं.

नुसत्या नजरेने जखम बघून अनुभवी डॉक्टरला अंदाज येतो. बुरशीच्या जखमेची कड पिसासारखी फाटलेली असते, पृष्ठभाग कोरडा आणि जरा उंचावलेला, मोठ्या ठिपक्याभोवती लहान ठिपके विखुरलेले, आणि कधी कधी बुबुळापुढे खाली पांढऱ्या पुवाची आडवी रेघ साचलेली. तरीही अंदाज तो अंदाजच. जिवाणूंची जखमही अशी दिसू शकते, स्टिरॉइड पडलेली जखम तर कशीही दिसते. 'तपासणी कशाला, बुरशीचं औषध देऊन बघू' असं म्हणू नये ते यासाठी. तुमच्या घरी द्राक्षबागेचं काम आहे, म्हणून बागेतलंच सांगते. भुरी आणि डाऊनी या द्राक्षावरच्या दोन्ही रोगांना आपण बुरशीच म्हणतो, दोन्हींसाठी फवारतो. पण भुरीवर चालणारं हेक्साकोनॅझोल हे औषध डाऊनीवर मारून उपयोग होत नाही, कारण डाऊनीचा जीव शास्त्राप्रमाणे खऱ्या बुरशीच्या कुळातला नाहीच, ऊमायसीट नावाच्या वेगळ्याच कुळातला आहे. डोळ्यातही अगदी हेच घडतं. डाऊनीच्याच कुळातला पिथियम इन्सिडिओसम नावाचा एक जीव साचलेल्या पाण्यातून, ओल्या मातीतून डोळ्यात येतो आणि हुबेहूब बुरशीसारखी जखम करतो. बुरशीची बहुतेक औषधं ज्या अर्गोस्टेरॉल नावाच्या घटकावर घाव घालतात, तो त्याच्या पेशीच्या आवरणात नसतो. त्यामुळे आठवडाभर बुरशीचे ड्रॉप घालूनही जखम पसरतच जाते. त्याच्यावर लिनेझोलिड आणि ॲझिथ्रोमायसिन ही जिवाणूंची औषधं वापरतात, आणि तरीही अनेकदा कॉर्निया बदलावा लागतो. तो विरळा आहे, पण आपल्या देशात सापडतो. काचपट्टीवर रुंद, फितीसारखे, जवळजवळ पडदे नसलेले धागे दिसले, किंवा डोळ्यात जखमेपासून हातपाय फुटल्यासारख्या रेघा निघालेल्या दिसल्या, की जाणकार डॉक्टरला शंका येते. म्हणून डॉक्टरांना मोकळेपणाने सांगा, की काडी लागल्यावर आईंनी डोळा कुठल्या पाण्याने धुतला : टाकीच्या, कॅनॉलच्या, की शेततळ्याच्या. छाटणीनंतर काड्यांना रसायनाची पेस्ट लावायचं काम त्यांनी केलं असेल आणि तो हात डोळ्याला लागला असेल, तर तेही सांगा. रसायनाने भाजलेला डोळा वेगळ्या रीतीने सांभाळावा लागतो.

आणखी एक विरळा प्रकार म्हणजे मायक्रोस्पोरिडिया. बुरशीच्याच नात्यातले हे जीव पावसाळ्यात चिखलाचं पाणी उडून डोळ्यात येतात. त्यात मोठी जखम नसते, कॉर्नियावर बारीक उंचवट्यांचे पुष्कळ ठिपके येतात आणि त्याचा साधा प्रकार बहुतेक वेळा थोडक्यात निभावतो. आईंचं वर्णन त्याच्याशी जुळत नाही, म्हणून लांबवत नाही.

मावशींच्या भीतीबद्दल. २०२१ मध्ये महाराष्ट्राने जी 'काळी बुरशी' पाहिली ती म्युकरमायकोसिस. ती नाकातून, सायनसमधून डोळ्यामागच्या खोबणीत जाते, जिवावर बेतते. आईंचा आजार बाहेरून लागलेल्या काडीपासून कॉर्नियात झालेला दिसतो, तो वेगळा. जखमेवर तपकिरी-काळसर खपली दिसली म्हणूनही घाबरू नका. कर्व्ह्युलेरियासारख्या काही बुरशींचा रंगच तसा असतो आणि औषधाने त्या बऱ्या होतात. फक्त शुगर आहे म्हणून एवढं लक्षात ठेवा, की गालावर सूज किंवा बधिरपणा, नाकातून काळपट स्राव, पापणी खाली येणं किंवा एकाचे दोन दिसणं यांतलं काही झालं तर त्याच घटकेला दवाखाना गाठायचा. आणि शुगर तपासून घ्या, तीन महिन्यांची सरासरीही. शुगर वर असेल तर डोळ्यातली जखम भरत नाही, मग ड्रॉप कितीही महागाचे असोत.

धाग्यांची बुरशी निघाली तर बहुधा नॅटामायसिनचे पाच टक्क्यांचे ड्रॉप सुरू करतील. हे औषध जुनं आहे, म्हणून कमी समजू नका. दक्षिण भारतातल्या अरविंद नेत्र रुग्णालयांत ३२३ रुग्णांवर नॅटामायसिन आणि नवं व्होरिकोनॅझोल यांची तुलना झाली. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात नॅटामायसिनवाल्यांची नजर जास्त सुधारली आणि डोळ्याला भोक पडण्याचे प्रकार कमी झाले. फ्युजेरियममध्ये हा फरक सगळ्यात ठळक होता. पुढे २०१६ च्या अभ्यासात गंभीर जखमांना व्होरिकोनॅझोलच्या गोळ्या जोडून पाहिल्या, तर एकूण रुग्णांत जादा फायदा दिसला नाही. त्यामुळे डॉक्टरांनी महागाची गोळी लिहिली नाही म्हणून उपचारात कसूर होतेय असं समजू नका. जखम खोल असेल तर ते व्होरिकोनॅझोलचे ड्रॉप जोडतील, कॉर्नियात इंजेक्शन देतील किंवा गोळ्या देतील. गोळ्या असतील तर लिव्हरची तपासणी करतात आणि शुगर-बीपीच्या चालू गोळ्या त्यांना आधी सांगाव्या लागतात. यीस्ट प्रकारची कॅन्डिडा निघाली तर ॲम्फोटेरिसिनचे ड्रॉप देतात.

खरी कसोटी मात्र घरी असते. सुरुवातीचे काही दिवस दिवसा दर तासाला एक थेंब, आणि बहुतेक डॉक्टर रात्रीही दर दोन तासांनी सांगतात. आईंना हे एकटीने जमणार नाही. दुखरा डोळा स्वतः उघडून त्यात थेंब टाकणं अवघड असतं, बराचसा गालावर जातो. तुम्ही काही दिवस रजा घ्या किंवा घरात पाळ्या लावा आणि मोबाइलवर गजर लावून ठेवा. नॅटामायसिन बाटलीत तळाला बसतं, म्हणून प्रत्येक वेळी चांगलं हलवा. न हलवता टाकलेला थेंब म्हणजे जवळजवळ पाणीच. हात साबणाने धुवा, खालची पापणी ओढून खळगा करा, त्यात एकच थेंब टाका. बाटलीचं टोक पापणीला लागू देऊ नका. दुसरे ड्रॉप असतील तर मध्ये पाच-दहा मिनिटं जाऊ द्या. औषधाचा पांढरा साका जखमेवर चिकटून बसतो, ते बघून 'ठिपका वाढला' असं वाटू शकतं. बाहुली मोठी करणारे ॲट्रोपिन किंवा होमॅट्रोपिनचे ड्रॉपही देतील. त्यांनी दुखणं कमी होतं, पण जवळचं धूसर दिसतं. ते औषधामुळे असतं.

सुधारणा फार हळू होते. चार-पाच दिवसांत काहीच बदल दिसला नाही म्हणून डॉक्टर बदलू नका. पिसासारखी कड बोथट होणं, आजूबाजूचे लहान ठिपके विरणं, दुखणं उतरणं ही आधीची लक्षणं, आणि ती डॉक्टरला यंत्रातून दिसतात. घरच्यांना ठिपका तसाच दिसत राहतो. औषध कित्येक आठवडे चालतं. दुखायचं थांबलं की ड्रॉप बंद करणं ही घरोघरी होणारी चूक आहे आणि बुरशी तिथूनच पुन्हा डोकं वर काढते. बंद कधी करायचं ते डॉक्टरच ठरवतील.

मध, एरंडेल, आईचं दूध, गुलाबपाणी यांतलं काहीही डोळ्यात घालू नका. शेजारच्यांनी चांगल्या मनाने सांगितलं असेल, पण उघड्या जखमेत निर्जंतुक नसलेली कुठलीही गोष्ट गेली की दुसरा संसर्ग लागतो, आणि तपासणीत काय उगवलं तेही कळेनासं होतं. डोळ्यावर पट्टी बांधू नका. काळा चष्मा चालेल. डोक्यावरून पाणी घेणं बंद, चुलीच्या धुरापासून लांब ठेवा. घरात कुणाला लागण होण्याची भीती नाही. हा आजार डोळे आल्यासारखा पसरत नाही. बाटली फक्त त्यांच्यापुरती ठेवा.

मुंबईला न्यायचं का? आधी खरवडून तपासणी आणि पहिला थेंब, मग प्रवासाचा विचार. नाशिकमध्ये कॉर्निया बघणारे डॉक्टर आहेत. काचपट्टीची तपासणी आणि कल्चर, म्हणजे प्लेटवर जंतू उगवून बघणं, इथे होतं का, एवढं विचारून घ्या. होत असेल तर इथेच सुरू करा. कल्चरमध्ये काही उगवलं नाही, योग्य औषधावर आठवडा-दहा दिवसांनीही जखम वाढत राहिली, पिथियमची शंका आली किंवा कॉर्निया बदलायची वेळ आली, तर मोठ्या केंद्रात जाणं रास्त आहे. तेव्हा डॉक्टरांची चिठ्ठी, रिपोर्ट आणि आजवरच्या सगळ्या बाटल्या बरोबर न्या. खर्चाची अडचण असेल तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेत काय बसतं ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा. विचारायला लाजू नका.

नजरेचं खरं सांगते. जखम भरली तरी तिथे पांढरट डाग राहतो, लोक त्याला फूल पडलं म्हणतात. तो डाग बाहुलीसमोर असेल तर नजर अडेल, कडेला असेल तर पुष्कळशी वाचेल. पत्रावरून मला ते सांगता येणार नाही. जखम पातळ होऊन भोक पडायला आलं तर चिकट औषधाने ते बुजवतात किंवा तातडीने कॉर्निया बदलतात. त्या शस्त्रक्रियेचा पहिला हेतू डोळा वाचवणं आणि बुरशी काढून टाकणं हा असतो, चांगलं दिसणं त्याच्या पुढचं. डोळा शांत झाल्यावर, काही महिन्यांनी, नजरेसाठी दान मिळालेल्या डोळ्यातला कॉर्निया बसवता येतो का ते बघतात. म्हणजे आज डाग पडला म्हणून सगळं संपलं असं नाही. मध्येच अचानक डोळ्यातून गरम पाण्याची धार आल्यासारखं झालं, कळ वाढली किंवा दिसणं एकदम कमी झालं, तर डोळा न दाबता, न पुसता, रात्र असली तरी निघा.

कामावर कधी, हा प्रश्न आईंचाच असणार. छाटणीनंतरचा हंगाम म्हणजे रोजाचे दिवस, बुडालेला रोज त्यांना डोळ्यापेक्षा जास्त टोचत असेल. तरी जखम पूर्ण बंद होऊन ड्रॉप थांबेपर्यंत बागेत जायचं नाही. फेलफुटी म्हणजे नको ते फुटवे काढणं, डिपिंग म्हणजे घड औषधात बुडवणं, फवारणी चालू असलेली ओळ, यांतलं काहीच नको. घरातलं हलकं काम चालेल. डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर जातील तेव्हा साधा पारदर्शक गॉगल, बाजूनेही बंद असलेला, डोळ्यावर हवा. हार्डवेअरच्या दुकानात मिळतो. तुम्ही बागमालकाशी बोला आणि आईंच्या टोळीतल्या सगळ्याच बायकांसाठी घ्यायला सांगा. काड्या ओढताना झटका नेहमी तोंडाच्याच दिशेने येतो. ज्यांना लागेल त्यांना एवढंच सांगा, की डोळा चोळायचा नाही, पिण्याच्या स्वच्छ पाण्याने धुवायचा, आणि मेडिकलवाल्याकडे न जाता त्याच दिवशी किंवा दुसऱ्या सकाळी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचं.